पाण्याचं पत्रक आणि आईची स्वप्नं

तुमच्या घरातल्या बाईला काल रात्री काय स्वप्न पडलं, ते तुम्हाला माहीत आहे का? तिने काल काय रांधलं, किती धुतलं, कुणावर रागावली, ते तुम्ही सांगाल. डोळे मिटल्यावर ती कुठे जाऊन आली, हे कधी विचारलंत?

मीही विचारलं नव्हतं. माझी आई आपणहून सांगायची. सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या खोलीच्या दारात धागे कातरायला साड्यांचे गठ्ठे येऊन पडायच्या आधी ती चहा घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि रात्रीचं सपन सांगून टाकायची. सांगून टाकायची, असंच म्हणायला हवं, कारण एकदा सांगितलेलं स्वप्न तिच्याकडे उरत नसे. दुपारी पुन्हा विचारलं तर साडीच्या पाठीवरचे लोंबते धागे कातरत, मान वर न करता म्हणायची, "सांगं ना एकदाव. सरी गयं ते." माहेरच्या बायकांकडून ती हेच शिकून आली होती. स्वप्न सकाळी कुणाच्या तरी कानात रिकामं करायचं आणि मोकळ्या डोक्याने कामाला लागायचं.

तो कान बहुतेक माझा असे. घरात अहिराणी, गल्लीत आणि शाळेत हिंदी-गुजराती, आणि माझी लिहायची मराठी आली ती पत्रकांतून. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते आणि पाळी सुटताना खात्याच्या, म्हणजे कारखान्याच्या दारात कामगारांची पत्रकं वाटायचे. उरलेली घरी यायची, आणि आई ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी डबे उचलून उचलून अक्षरं शिकले. मिठाच्या डब्याखाली 'एकजूट' होती, पिठाच्या डब्याखाली 'अन्याय'. छापलेला शब्द म्हणजे मागणी, आणि मागणी म्हणजे 'आम्ही', हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एकट्याचं काही लिहिणं मला चैन वाटायची.

बारावीनंतर मी पांडेसऱ्याला एका डीटीपीच्या दुकानात लागले. नव्वदच्या दशकाची ती मधली वर्षं होती. दुकानात एकच कॉम्प्युटर, त्याच्यावर क्रोशाचं झाकण. मालक गुजराती, वयाने मोठे. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बेन. आमच्या खानदेशी लोकांच्या लग्नपत्रिका माझ्याकडे असत. काम उरकलं की काका मला माझं टाईप करू देत. मी गल्लीतल्या नळाचं, गटारीचं, काढून टाकलेल्या कामगारांचं पत्रक करायचे. असंच एकदा पत्रक संपलं, खाली कर्सर लुकलुकत राहिला, आणि माझ्या बोटांनी आईचं सकाळचं स्वप्न मराठीत, पण तिच्याच तोंडून सांगितल्यासारखं टाईप केलं.

तापी आमच्या गल्लीत आली होती. आवाज न करता, उंबऱ्यापर्यंत. पाण्यावर आईच्या गावचा कपडे धुवायचा दगड तरंगत होता. आई त्यावर बसली आणि नदी उलटी चालू लागली, वर, खानदेशाकडे. काठाने बायका साड्या वाळत घालत होत्या. एकाही साडीला धागा लोंबत नव्हता.

त्यानंतर मी रोज लिहीत गेले. आई रिकाम्या बॉबिनमध्ये मावण्याएवढी लहान झाली होती, आणि आत बसून तिला सगळी लूमं समुद्रासारखी ऐकू येत होती. सुरत स्टेशनवर तिची मेलेली आई सीताफळं विकत बसली होती, गाडीतून उतरणारा प्रत्येक माणूस तिच्या टोपलीतून चालत जात होता, आणि फळ एकही फुटत नव्हतं. फाइलचं नाव मी 'सपन' ठेवलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पेटीत ठेव नाहीतर पाण्यात टाक, माझं काम झालं.

मग दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. कुणाच्या तरी फ्लॉपीतून आला असावा. मशीन मधेच थिजायचं, फाइल उघडायला घेतली की नुसतं घरघरायचं. आठवडाभर तसं रेटल्यावर काकांनी ठरवलं की हार्ड डिस्क फॉरमॅट करायची, सगळं पुसून नव्याने भरायचं. मी आमच्या सगळ्या फाइली फ्लॉपींवर उतरवल्या. पत्रकं, पत्रिका आणि 'सपन'.

"बधुं लई लीधुं ने, बेन?" काकांनी विचारलं.

सगळं घेतलं, मी म्हटलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मशीनने एकदा बजावलं की आता सारं जाईल. काकांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि कळ दाबली. मग टक्के चढू लागले, हळूहळू, जणू कुणी विहीर उपसतंय. भिंतीपलीकडे लूमं खडखडत होती, पंखा फिरत होता, आणि मला वाटत होतं की त्या पेटीच्या आत एक घर स्वच्छ सारवलं जातंय. दारं उघडी, आत कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं परत भरलं. गुजराती कामं जशीच्या तशी आली. मी 'सपन' उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग. डी, स्वल्पविराम, सात, उघडा कंस, पुन्हा डी. पत्रकांचंही तेच.

तेव्हा मराठी अक्षरं मशीनमध्ये आपली आपण नसत, त्यांचा फॉन्ट वेगळा टाकावा लागे. गुजरातीचा काकांच्या फ्लॉपीवर होता. मी मजकूर उचलला होता, अक्षरं आतच राहिली होती आणि पुसली गेली होती. मराठीचा आणून देणारा जळगावकडचा माणूस वापीला निघून गेला होता, आणि त्याने दिलेल्या फ्लॉपीवर आम्हीच कधीतरी फॉन्ट पुसून कुणाची लग्नपत्रिका चढवली होती. काकांनी मला बरं वाटावं म्हणून स्वप्नांना गुजराती फॉन्ट लावून पाहिला. तापीच्या जागी भलत्याच अक्षरांची ओळ उमटली. काकांनी ती चष्मा सावरून, मंत्र म्हणावा तशी मोठ्याने वाचली, आणि मग हळूच फाइल बंद केली.

नुसती पत्रकं गेली असती तर मी पुन्हा लिहिली असती. त्यांतली एकही मागणी पुरी झाली नव्हती, सगळ्या गल्लीत तशाच उभ्या होत्या. पण स्वप्नं आईला दुसऱ्यांदा सांगता येणार नव्हती. कारखान्यात विणलेल्या कापडाचा मीटरनमीटर लिहून ठेवतात. ते कापड साफ करणाऱ्या बाईचं एवढंच लिहिलेलं होतं, आणि ते कुणालाच वाचता येत नव्हतं.

काकांनी त्या चिन्हांची प्रिंट काढून दिली, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर. मी ती घरी पसरली. वडिलांनी वाकून पाहिलं. पोरगी साहेब झाली आपली, ते आईला म्हणाले, कुणालाच कळू नये असं लिहायला लागली.

आई हसली आणि कागदाला जागा व्हावी म्हणून डबे बाजूला सारू लागली. तेलाचा डबा उचलला, आणि त्याखाली आमच्या नळाचं पत्रक होतं. मीच टाईप केलेलं, त्याच मशीनवर, त्याच फॉन्टमध्ये. एक कोपरा तेलाने पारदर्शक झाला होता, बाकी अक्षरं शाबूत होती. आणि त्याच पत्रकाची फाइल चिन्हांच्या रूपात फ्लॉपीवर होती.

दुसऱ्या दिवशी मी त्या फाइलचीही प्रिंट आणली आणि दोन कागद शेजारी ठेवले. एकीकडे 'बंधू-भगिनींनो', दुसरीकडे त्याची चिन्हं. म्हणजे हे चिन्ह ब, हे भ. 'पाणी'ने प, ण आणि काना दिले. 'मिळालेच पाहिजे'ने अर्धी बाराखडी दिली. आई धागे कातरत होती, मी एकेक अक्षर जागं करत होते. नळाच्या पाण्याच्या मागणीतून तापी थेंब थेंब परत येत होती.

एक चिन्ह अडलं. ते पत्रकात कुठेच नव्हतं, स्वप्नांत मात्र ओळीओळीला होतं. बऱ्याच वेळाने एका शब्दावर ते उमगलं. 'माझं गाव'. तो झ होता. पत्रकात सगळं आमचं होतं, माझं काही नव्हतं. आणि अजून काही झालेलंही नव्हतं, सगळं व्हायचं होतं. पत्रकांवरचा माझा विश्वास तेव्हा उडाला नाही, आजही उडालेला नाही. पण आता मी लिहायला बसते तेव्हा कागदावर त्या अक्षराला जागा ठेवते.

पुढे कुणाकडून तरी तो फॉन्ट मिळालाही. तोवर सगळी स्वप्नं मी हाताने उतरवून काढली होती. पहिलं स्वप्न पुरं झालं, त्या सकाळी माल यायच्या आधी मी ते आईला वाचून दाखवलं. गल्ली, उंबरा, तरंगता दगड, उलटी नदी. आई चहा बशीत तसाच धरून ऐकत होती, शेजारणीची गोष्ट ऐकावी तशी.

"कोनं सपन शे हाई?" तिने विचारलं.

तुझंच, मी म्हटलं.

तिने मान वळवून गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. चहावर साय धरली.

"मंग काय व्हयनं?" ती म्हणाली. "पोचनी का ती?"

कागदावर पुढे काही नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने चहा संपवला, कातर उचलली आणि म्हणाली की आज रात्री बघते.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. उद्या सकाळी, घर कामाला लागायच्या आधी, तुमच्या घरातल्या बाईला विचारा की रात्री काय दिसलं. ती सांगेल तेव्हा मधे बोलू नका. ते कागदावर लिहा, तिच्याच बोलीत, तुमच्या हाताने. मग त्याची दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा.