भोगीच्या दिवशी सशाला घातलेलं

भोगी, म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. स्थळ: सांगलीतला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हजर: मी, सासूबाई, ज्यांना या घरात आम्ही आत्ती म्हणतो, फलटणजवळच्या गावाहून सकाळीच गाडीनं आलेले थोरले दीर आणि जाऊबाई, आणि ससा. गैरहजर: नवरा. तो साखर कारखान्यात आहे, आणि गळीत चालू असताना कारखाना सण ओळखत नाही.

हजेरी घ्यायची मला सवय आहे. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर ती जात नाही. भाऊजी फौजेतून सुभेदार होऊन आलेले, त्यामुळे त्यांना माझी ही सवय फार आवडते. ते मला ‘साहेब’ म्हणतात. दारात चपला काढता काढताच त्यांनी विचारलं, “काय साहेब, फॉल-इन झालं का समदं? ससा रिपोर्ट झाला?”

ससा रिपोर्ट झाला होता. सकाळच्या दुर्वा संपवल्या होत्या, पाणी प्यायला होता, ट्रेमध्ये लेंड्या गोल, कोरड्या आणि भरपूर. चांगलं म्हणावं असं त्या दिवशी एवढंच घडलं.

हा ससा आम्ही हौसेनं आणलेला नाही. वरच्या मजल्यावरचं कुटुंब बदली होऊन गेलं आणि जाताना पिंजरा आमच्या दारात ठेवून गेलं. मी तो कुणाला तरी देऊन टाकणार होते. तेव्हा आत्ती नुकत्या आमच्याकडं राहायला आल्या होत्या. गावाकडची म्हैस विकली होती. जाऊबाईंची कंबर गेली आणि धार काढायला कुणी उरलं नव्हतं. म्हैस गेली तशी आत्तींची भूकही गेली. ताटावर बसायच्या, भाकरी चिवडायच्या आणि उठायच्या. “पोट भरलंय” म्हणायच्या. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आत्तींच्या माहेरचा आणि सासरचा नियम एकच होता: आधी मुक्या जनावराला घास, मग आपण. आता घरात जनावरच नव्हतं, तर त्यांनी जेवायचं कशाच्या मागून?

पिंजरा दारात आला त्याच दुपारी त्यांनी त्याला कोथिंबिरीची काडी दाखवली. सशानं ती टोकापासून आत ओढत नेली आणि आत्ती उठून स्वयंपाकघरात गेल्या. “वाढ गं,” म्हणाल्या. त्यानंतर ससा कुणाला देण्याचा विषय मी काढला नाही.

मी वाचून, विचारून सगळं शिकले. ससा उचलून घ्यायचा नसतो. त्याला वाटतं घारीनं उचललं. आपण जमिनीवर बसायचं आणि दुसरंच काही करत राहायचं, मग तो आपणहून येतो. फरशीवर त्याचे पाय घसरतात म्हणून हॉलभर जुन्या गोधड्या अंथरल्या. चार्जरच्या वायरी पाइपात घातल्या. गणपतीच्या देवळाजवळ दुर्वा विकतात, तिथून रोजची मोठी जुडी बांधून घेतली. वाळलेलं गवत कायम समोर हवं, पाला मोजका, धान्य आणि गोड जवळजवळ नाहीच. आत्तींना हे पटलं नाही, पण त्यांनी मानलं. सशाला स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मात्र त्या दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत. “शी! तुझ्या आयला सांगीन,” एवढंच म्हणाल्या.

हळूहळू तो त्यांचा झाला. त्या खाटेवर पाय सोडून बसल्या की तो टाचेशी येऊन आडवा पडायचा. हात लावला तर दात हळू कुरकुरवायचा. ती त्याची खुशी. मी ऑफिसातून आले की मला दिवसभराचा अहवाल मिळायचा. काय खाल्लं, कुठं लपला, कुणावर पाय आपटला. आणि आत्ती दोन्ही वेळा जेवत होत्या.

भोगीला आमच्याकडं खेंगट करतात. वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा, शेंगदाणे, सगळं एकत्र. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. घर भरलेलं होतं. जाऊबाई भाकऱ्या थापत होत्या, मी तीळ कुटत होते, भाऊजी खाली पेपर पसरून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. ससा एकाकडून दुसऱ्याकडं फिरत होता. गावाकडं या दिवशी गोठ्यातल्या प्रत्येक जनावराला घरातला प्रत्येक माणूस आपल्या हातानं घास देतो. आणि दिलेला घास बोलून दाखवत नाही. बोललं की दिलेलं वाया जातं, अशी समजूत. मी शहरात वाढले. मला हे ऐकून माहीत होतं, पण त्या दिवशी आठवलं नाही.

जेवणं झाली. दुपारी सगळे कलंडले. उन्हं उतरताना मी ट्रे बदलायला गेले तर तो रिकामा होता. सकाळी घातलेला कागद तसाच कोरा.

सशाला दुखतं तेव्हा तो ओरडत नाही. रानात जो दाखवतो तो पहिला खाल्ला जातो, म्हणून तो दाखवतच नाही. आमचा ससा टीव्हीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून, पाय पोटाखाली घेऊन बसला होता. डोळे अर्धे मिटलेले. मी दुर्वा पुढं केल्या. त्यानं मान फिरवली. कान लावला तर दात वाजत होते. नेहमीसारखे हळू नाही, कचाकच. पोटाला हात लावला. फुगवलेल्या फुग्यासारखं टणक.

“काय झालं गं?” आत्तींनी विचारलं.

“खात नाहीये.”

“निजला असंल. एवढं माणूस बघून दमलं लेकरू.” असं म्हणून त्या स्वतः खाली बसल्या, गुडघा दुखत असताना, आणि कोथिंबिरीची काडी त्याच्या तोंडाशी धरून राहिल्या. काडी हलली नाही. त्या बराच वेळ तशाच बसल्या होत्या. मग त्यांनी चहाला नको म्हटलं.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातल्या या बाई ससे बघतात. त्या म्हणाल्या, “सशाचं पोट थांबणं म्हणजे वाट बघण्याचं काम नाही. आत्ता आणा.” मी भाजीच्या टोपलीत टॉवेल घातला, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवली. भाऊजींनी गाडी काढली. आत्ती म्हणाल्या, “मीबी येनार.” जाऊबाई एकट्या कशाला राहतील? चौघं निघालो.

दवाखान्याच्या बाकावर एक मोठा कुत्रा मालकाच्या पायाशी होता. आम्हाला बघून तो टोपलीवर भुंकला. ससा हलला नाही. कानसुद्धा नाही. घरी शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी पाय आपटणारा ससा, त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर कुत्रा भुंकतोय आणि तो बसून आहे. आत्तींनीही बघितलं. त्यांनी टोपलीवर पदर टाकला.

डॉक्टरांनी पोट तपासलं, नळी लावून ऐकलं. “आत काही चालू नाही,” म्हणाल्या. “गॅस धरलाय. आज नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लं?”

“दुर्वा, गवत,” मी म्हणाले. “आमच्याकडं बाकी काही देत नाहीत.”

“एवढ्यानं असं होत नाही. सणाचा दिवस आहे. नीट आठवून सांगा, त्यावर मला औषध ठरवायचंय.”

मी मागं वळले. भाऊजी भिंतीवरच्या कुत्र्यांच्या चित्राकडं बघत होते. जाऊबाई पिशवीची दोरी गुंडाळत होत्या. आत्ती सशाकडं बघत होत्या. तेव्हा मला ती समजूत आठवली.

“पुण्य राहू दे बाजूला,” मी जरा मोठ्यानंच बोलले. “कुणी काय घातलं ते बोला. भाऊजी?”

“च्यायला,” भाऊजी म्हणाले. “मी आपलं थोडं... सोलाणं दिलं.”

“म्हणजे किती?”

“आता मोजून कोन देतं का, साहेब? मूठभर आसंल. परत आला, परत दिलं.”

“अक्का?”

जाऊबाईंनी खाली बघत सांगितलं, “भाकरीचा पापुद्रा घातला हुता. तीळ काढूनच घातला. आन् दोन शेंगदाणं.”

मग आत्ती. त्यांना वेळ लागला. त्यांनी सकाळी गुळाचा खडा दिला होता, कारण सण. भाकरीचा पहिला तुकडा दिला होता, कारण नियम. जेवणाआधी पानातलं खेंगट दिलं होतं. जेवणानंतर परत भाकरी, कारण तो पायाशी आला आणि “मागत हुता की गं.”

भाऊजींना हसू फुटलं. घाबरलेल्या माणसाला येतं तसं.

“आये, तू त्याला म्हशीचा खुराक घातलास की! आता हा दूध देनार, बघ.”

जाऊबाई हसल्या. डॉक्टरही हसल्या. मीही हसले. आत्ती हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं आणि तो पदराखाली घेतला. माझं तेव्हा लक्ष डॉक्टरांच्या सिरिंजकडं होतं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गॅसचं औषध दिलं. मला पोट चोळायला शिकवलं, पुढून मागं, हलक्या हातानं. सिरिंजनं पाणी पाजायचं, उबेला ठेवायचं आणि लेंडीची वाट बघायची. “लेंडी पडली तर वाचला,” असं त्या म्हणाल्या. नाही पडली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या रात्री आत्ती जेवल्या नाहीत, हे मला अपेक्षितच होतं.

संक्रांतीच्या दुपारी ट्रेमध्ये लेंडी पडली. मोहरीहून थोडी मोठी, वेडीवाकडी. मी सगळ्यांना हाक मारली. एका लेंडीभोवती तीन शहाणी माणसं उकिडवी बसली. भाऊजींनी तिला सलाम ठोकला. संध्याकाळी सशानं एक दुर्वा ओढली, मग दुसरी. नवऱ्याला फोन करून सांगितलं. कारखान्याच्या आवाजात त्याला ‘वाचला’ एवढंच ऐकू गेलं. “कोन, आत्ती?” त्यानं घाबरून विचारलं. मी म्हटलं, ससा रे. भाऊजी आणि जाऊबाई तिळगूळ देऊन, घेऊन निघून गेले. मी गोधड्या धुवायला टाकल्या. माझ्या लेखी काम संपलं होतं.

मग लक्षात आलं की आत्तींनी कुणालाच तिळगूळ दिला नव्हता. घेतला होता, दिला नव्हता.

ससा आता पूर्ववत झाला आहे. पळतो, पाय आपटतो, पुठ्ठे फाडतो. सवयीनं तो खाटेकडं जातो आणि आत्तींच्या टाचेला नाक लावतो. आत्ती पाय वर घेतात. “त्येला तिकडं ने,” म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं रुसल्या असतील. मी कोथिंबिरीची काडी त्यांच्या हातात द्यायला गेले तर हात उघडला नाही.

“आत्ती, एवढी देता येते त्याला. डॉक्टरांनीच सांगितलंय. काही होत नाही.”

“तू दे.”

“तो तुमच्याकडंच येतो.”

“म्हनून तर. माज्या हाताला इख लागलंय, बाई. मी आता कुनालाबी काय देनार न्हाई.”

भाऊजींना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच आत्तींना फोन द्यायला सांगितलं. “आये, मस्करी केली गं मी. मस्करी कळत न्हाई व्हय तुला?” आत्ती म्हणाल्या, “कळती की.” आणि फोन मला परत दिला.

त्यांनी कणीक मळणं सोडलं. गॅलरीत चिमण्यांना तांदूळ टाकणं सोडलं. शेजारची मुलगी आली तर आधी डब्यातला लाडू काढून द्यायच्या, आता मला सांगतात. मी वाढते, त्या ताटावर बसतात, भाकरी चिवडतात. सशाला मी घातलेला घास त्यांच्या हिशेबात धरला जात नाही. त्यांच्या हातून जनावराच्या तोंडात काही गेलेलं नाही, म्हणून त्यांच्याही तोंडात जात नाही. त्या हे बोलून दाखवत नाहीत. मी बघते.

सशासाठी जे बघायला शिकले तेच आता मी त्यांच्यात बघते. पाठ वाकवून, भिंतीकडं तोंड करून बसल्या आहेत का. डोळे अर्धे मिटलेले आहेत का. पुढं केलेल्या वाटीपासून मान फिरवतात का. दाराची बेल वाजली तर हलतात का. काल बेल वाजली, मी गॅलरीत होते, दोनदा वाजली. आत्ती खाटेवरच होत्या. त्यांनी दाराकडं पाहिलं नाही.

आत्तींना डॉक्टरांकडं नेऊन आणलं. रक्त तपासलं. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणतात. नवरा म्हणतो, हंगाम संपला की रजा काढतो. ऊस अजून बराच उभा आहे.

मी ऑफिसला निघताना कोथिंबीर निवडते आणि काड्या एका वाटीत घालून आत्तींच्या खाटेच्या कडेला ठेवते. काही बोलत नाही. ससा येऊन वाटी हुंगतो, पण वाटीतून खायची त्याला सवय नाही. त्याला हातातून लागतं. तो मागच्या पायांवर उभा राहतो, वाट बघतो आणि निघून जातो. संध्याकाळी येते तेव्हा काड्या सुकलेल्या असतात. आजही होत्या. त्या मी कचऱ्यात टाकल्या, वाटी धुतली, उद्यासाठी कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. आत्तींच्या हातून एक काडी त्याच्या तोंडात जायची आहे. ते काम राहिलं आहे.