निडीच्या बाईचा नवरा
फिनेलचा वास आला की मला रोह्याच्या दवाखान्यामागची ती खोली आठवते. नव्वदच्या दशकात मी पेणला राहून दिवाळी अंकांसाठी रहस्यकथा लिहायचे. बाजारात, एसटीत कानावर पडलेल्या गप्पांतूनच त्या सुचायच्या. एका दुपारी निडी गावची एक बाई दारात आली. तिचा नवरा कंपनीत शिफ्टला गेला तो परतलाच नव्हता. "तुमच्या गोष्टीत हरवलेला मानूस गावतो. माजा शोधा बाई," ती म्हणाली. मला नाही म्हणवेना. त्याच्या सोबत्यांना विचारत आम्ही दोघी कोलाडपर्यंत गेलो. तिथे एका खानावळवाल्याने सांगितलं, कुंडलिका नदीत कुणीतरी सापडलंय, रोह्याला नेलंय. त्या खोलीत चादर बाजूला झाली. डोक्याला मागून मार होता, चेहरा ओळखू येत नव्हता. सदऱ्याच्या कॉलरला आपणच घातलेले टाके तिने बोटांनी चाचपले. "व्हय, ह्येच," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "कोनी केलं, ता सांगाल ना?" मी म्हटलं, "मला नाही ठाऊक." ते आजही कुणालाच ठाऊक नाही. मी अजून लिहिते, माझ्या कथांत खुनी शेवटी सापडतोच. तिने मात्र त्या वाचणं तेव्हाच सोडलं, असं तिच्या मुलीने परवा सांगितलं.