प्रार्थनेतला तिचा भाग

माझ्या आवाजाला भिऊन वसईच्या खाडीतले मासे आपणहून जाळ्यात शिरतात. पण रोझरी, म्हणजे माळेच्या मण्यांवरची प्रार्थना, एकट्यानं म्हणवत नाही, हे माझी बायको फिलोमिना गेल्यावर कळलं. चाळीस वर्षं दर मण्याला 'नमो मरिया' मी म्हणायचो, पुढचं 'पवित्र मरिये' ती. काल संध्याकाळी माझा भाग संपला आणि मी सवयीनं थांबलो.

तेवढ्यात कुंपणापलीकडून पुढचा भाग आला. शेजारच्या मार्थाबाई! आंब्याच्या फांदीवरून आमचं भांडण आदामानं फळ खाल्लं तेव्हापासूनचं. तरी पन्नासही मणी त्यांनी ओट्यावरूनच पुरे केले. एकट्या पडलेल्या माणसाची श्रद्धा बहुधा अशीच दुसऱ्याच्या तोंडी ठेवलेली असते.

शेवटी म्हणाल्या, "उद्या जरा सावकाश म्हण रे. फिलू कशी पुरी पडायची तुला?"

"धापा टाकायची," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच रडलो.