दोन बोटं सरकलेला खिळा

मिस्त्रींच्या चेहऱ्यावरून जाणारी भिंतीची रेघ धरायला दोन खिळ्यांना ताणलेली दोरी फोटोत फार नडत होती, म्हणून फोटोग्राफरने तिचा एक खिळा उपटून दोन बोटं बाजूला ठोकला. फोटो झकास आला. खिळा पुन्हा जागेवर लावायचं मात्र स्वारी साफ विसरली, आणि जेवून आलेल्या मिस्त्रींनी त्याच दोरीला धरून विटांचे तीन थर चढवले.

दंगलीनंतर वस्ती पुन्हा कशी उभी राहते, ते टिपायला तो आला होता. आता ती पुन्हा आडवी व्हायची वेळ आली. कारण ही भिंत दोन शेजाऱ्यांमधली. गेल्या वर्षी दोन्ही घरांनी एकमेकांवर काठ्या उगारलेल्या. त्यांना एका अंगणात उभं करायला मिस्त्रींनी चार महिने जोडे झिजवले होते. त्यांचा नियमच होता : दोरीचा एक खिळा या घरच्याने ठोकायचा, दुसरा त्या घरच्याने. तोवर थापीला हात नाही.

पलीकडच्या काकू बाहेर आल्या. एक डोळा मिटून त्यांनी भिंत पाहिली.

"मिस्त्री, माझ्या अंगणाला पाय फुटले का हो?"

अलीकडचे आजोबा ताडकन उठले. "आमच्याकडे बघू नका. आम्ही खिळ्याला बोट लावलेलं नाही."

"बोट कशाला लावाल? तुम्हाला काठीची सवय."

समोरच्या गच्चीवर दोघं जण येऊन उभे राहिले. मग आणखी तिघं. फोटोग्राफर पुढे झाला.

"खिळा मी हलवला," तो कसाबसा म्हणाला. "दोरी मिस्त्रींच्या तोंडावर येत होती."

काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "त्या तोंडात काय बघायचंय? तीस वर्षं आम्ही बघतोय, काही निघालं नाही."

कोणी हसलं नाही, पण गच्चीवरची माणसं मागे सरली.

मिस्त्रींनी तिन्ही थर उतरवले, काकूंकडून खिळा पुन्हा ठोकून घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. विटांना चिकटलेला सिमेंटचा ओला माल खरवडायला फोटोग्राफरला बसवलं. कॅमेरा पिशवीतच राहिला.

संध्याकाळी तो त्यांच्यासोबत गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला. तिथे मिस्त्रींचं घर होतं, म्हणजे काजळलेली फरशी, तिच्या भेगांतून उगवलेलं गवत आणि कडेला पत्र्याची खोली. शेजारच्या घराचाही नुसता चौथरा उरलेला. मधली भिंत दोघांची, ती तर मुळातूनच गेलेली.

"मिस्त्री, गल्लीतली अकरा घरं उभी केलीत," त्याने विचारलं. "स्वतःचं कधी बांधणार?"

मिस्त्रींनी थापी पुसली.

"दुसरा खिळा ठोकणारा अजून परतला नाही."