बरणी आणि पान्हा

एके काळी आमच्या गल्लीत कुजबूज होती, की कोपऱ्यावरचा प्लंबर इतका चिक्कू आहे, इतका चिक्कू, की पोटच्या पोरीनं बिस्किटं खाऊ नयेत म्हणून बरणीचं झाकण पान्ह्यानं आवळून ठेवतो. बातमी शेजारच्या काकूंची. त्यांची खिडकी प्लंबरच्या स्वयंपाकघरासमोर, त्यामुळे त्यांना टीव्हीची गरज पडत नाही. "या डोळ्यांनी पाहिलं हो! पोर बरणीशी झोंबतेय आणि बाप समोर ढिम्म बसलाय!" ही बातमी पुढे चार घरी पोचवण्याचं पुण्य माझंही आहे, खोटं कशाला बोलू.

प्लंबर म्हणजे "पाच मिनिटांत आलो" म्हणत अख्ख्या गल्लीला तीन-तीन दिवस ताटकळत ठेवणारा माणूस. घरात मात्र सत्ता साडेतीन वर्षांच्या लेकीची. तिला सगळे 'सरकार' म्हणत. सरकारला ऑटिझम आहे. तोंडातून एकही शब्द फुटलेला नव्हता, पण हुकूम सुटायच्या आधीच अंमलबजावणी होई. नजर पाण्याकडे वळली रे वळली की पेला हजर. आई, बाप, आजी, तिघंही तैनातीला.

शेवटी वाचा-उपचाराच्या बाईंनी तिघांना समोर बसवलं. "तुम्ही फार हुशार आहात, हीच अडचण आहे. न मागता सगळं मिळतंय, मग तिनं मागायचं कशाला? आवडीची वस्तू दिसू द्या, पण तिला तुमची गरज लागू द्या. मग थांबा. शब्दच हवा असं नाही. हात ओढला तरी ते मागणंच. मागितलं की लगेच द्या. आणि रडवेली झाली तर न मागताही द्या, छळ नको."

बापानं काचेची बरणी निवडली, झाकण हातानं घट्ट लावलं आणि गल्लीला थांबवणारा हा गृहस्थ स्वतः थांबायला बसला. सहा आठवडे! सरकार बरणी हलवी, चाटी, डोक्यावर ठेवी. बापाकडे बघायचं नाव नाही.

"एकदा माझ्याकडे येऊ दे गं तिला," तो बायकोला म्हणे. "मी तिच्या खिजगणतीत तरी आहे का?"

त्यात सासूबाई मुठीत लपवून बिस्किट पुरवत.

"सासूबाई, फितुरी चाललीय!"

"नातीला बिस्किट देणं फितुरी असेल, तर मला तोफेच्या तोंडी द्या, जावईबापू."

एका सकाळी सरकार बरणी सोडून उठली. दाराशी बापाची हत्यारांची पिशवी होती. तिनं ती धडाधड उपसली, आतून स्वतःच्या हाताएवढा पान्हा काढला, फरफटत आणला, बापाच्या तळव्यावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. मग तो हात ओढत बरणीपाशी नेला आणि वर त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

हट्टी गोष्टी घरात कोण आणि कशानं उघडतं, हे सरकारनं केव्हाच हेरून ठेवलं होतं!

झाकण नुसत्या हातानंही निघालं असतं. पण सरकारनं पान्हा दिला होता, तर पान्ह्यानंच उघडलं. आता आनंद साजरा कसा करायचा? टाळ्या वाजल्या की सरकार कान झाकते. मग तिघं मोठी माणसं मुक्यानं नाचली. आजीचा गुडघा स्टुलावर आपटला, पण माउलीनं "आई गं" गिळून टाकलं. सरकारनं बिस्किट संपवलं, झाकण परत बसवलं आणि पान्हा पुन्हा पुढे केला. असं सात वेळा.

"अहो, ती जेवणार नाही आता!"

"आज सरकार म्हणेल ते!"

तेव्हापासून पाणी हवं की पेला आणून देते, बाहेर जायचं की बापाची चप्पल. परवा माझ्या हातात स्वतःचा मोजा दिला. मी तो तिच्या पायात घालून दिला आणि दिवसभर गल्लीत मिरवत हिंडलो.

काकूंनी त्या सकाळी पान्हा फिरताना पाहिला आणि तेवढ्यात त्यांचं दूध उतू गेलं, म्हणून नाच हुकला. झाकण आवळतंय की सुटतंय, ते त्यांच्या खिडकीतून दिसत नाही. त्या बरणीला पान्हा लागला तो फक्त उघडताना, आणि दर वेळी तो पोरीनं स्वतः आणून दिला होता.