कंस न उघडता

आज लातूरच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधायला माणूस आला होता. खळीचा तो कोमट, आंबूस वास आला आणि मला नांदेडचे करीमचाचा आठवले. माझा गणिताचा प्रबंध त्यांनी बांधला होता.

पुठ्ठ्यावर कापड चिकटवता चिकटवता त्यांनी विचारलं, "बेटी, ह्यात लिवलंय काय?"

प्रबंधाच्या सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "दोन लांबलचक बहुपदी असतात, कंसात कंस असलेल्या. त्या दोन्ही एकच आहेत का, ते ओळखायचं. सगळे कंस उघडत बसलं तर जन्म पुरत नाही. अक्षरांच्या जागी कुठल्याही संख्या घातल्या तर बहुतेक वेळा कळतं. पण नशिबावर न सोडता, झटपट आणि खात्रीनं सांगायची रीत अजून सापडली नाही. मला एका लहानशा प्रकारापुरती सापडली."

त्यांचा खळीनं माखलेला हात थांबला. "म्हंजे न उघडता वळखायचं. लई अवघड हाय. घरी सांगितलं का?"

"घरी कुणाला कळणार, चाचा?"

"मला तरी कुठं कळून राहिलं? पण तू सांगून राहिली, तर ऐकावं वाटलं."

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगतो म्हणाले. लोह्याची बस गाठायची आहे असं सांगून मी प्रबंध घेऊन निघाले.

पुढे पदवी मिळाली, नोकरी लागली. आत काय लिहिलंय, हे मात्र पुन्हा कुणी विचारलं नाही. त्या दिवशी बसायला हवं होतं. लोह्याला बस तर दर तासाला होती, आणि आई गेल्यापासून तिथल्या घराला कुलूपच होतं.