शेवटचा डबा

"नडीरी, नडीरी. तुम्ही पुढं व्हा, मी आहे मागं."

सायकलच्या टायरवर अंगठा दाबून हवा बघायची, मागचा लाल दिवा लावायचा आणि हे म्हणायचं, कानडीतलं 'नडीरी' म्हणजे 'चला'. याशिवाय गार्डसाहेबांची सायकल धारवाडातल्या मळमड्डीच्या बाहेर पडत नसे.

रेल्वेत त्यांचा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेला. "शेवटचा डबा डोळ्यांनी बघितल्याशिवाय गाडी पोचली असं म्हणायचं नाही," हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्यांनी तोंड उघडलं की अण्णा कानात बोटं घालायचा. अण्णा म्हणजे आमचा हुबळीचा कापड दुकानदार दोस्त. रविवारी आम्ही तिघं सायकलवर अळणावरला जायचो, तेव्हाही रिटायर झालेला हा माणूस आपली जुनीच नोकरी करायचा. सगळ्यांत मागं. असा एखादा तुम्हीही बघितला असेल, लग्नात शेवटच्या पंगतीला बसणारा. त्याला पहिल्या पंगतीला बसवून दाखवा.

परत येताना त्यांच्या घरावरून आधी मी जायचो. वहिनी फाटकात उभ्या असायच्या.

"आणि हे?"

"मागं आहेत."

एवढं ऐकलं की त्या चहाचं आधण ठेवायला आत जायच्या. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

व्हिएतनामला सायकलवर फिरायची टूम अण्णाची. निघताना वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्यांना नीट घेऊन या." मी हसून म्हटलं, "ते आम्हाला घेऊन येतील की." त्या मात्र हसल्या नाहीत.

तिथं उत्तरेकडच्या डोंगरात एक लांबलचक उतार लागला. दाट धुकं होतं, रस्ता ओला. अण्णा आणि मी खाली येऊन टपरीवर थांबलो. चहा पिऊन झाला, दुसरा झाला. वरून कुणी येईना.

"शेवटचा डबा सुटला वाटतं," अण्णा म्हणाला. म्हणाला खरा, आणि मग त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं. तो उठून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

गार्डसाहेब आले ते सायकल हातात धरून, चालत. कोपर सोललेलं, मागचा लाल दिवा फुटलेला.

"काय झालं?"

"चेन पडली."

अण्णानं त्यांचं हेल्मेट काढून उलटं केलं. मागच्या बाजूला बोट जाईल एवढी चीर होती. "चेन पडून हे होतंय होय, साहेब?"

"ती जुनीच आहे. नडीरी."

सगळ्यांच्या मागं राहणारा माणूस पडला, तर ते बघायला त्याच्या मागं कोण असणार? ते कसे पडले, किती वेळ पडून राहिले, शुद्ध गेली होती का, आम्हाला कधीच कळलं नाही. या गोष्टीसाठी मला आजही त्यांचा राग येतो.

गाडी करून दवाखान्यात जाऊ म्हणून मी भांडभांड भांडलो. "किरकोळ आहे हो. गाडी मध्येच उभी करायची नाही. आणि घरी काही कळवू नका," म्हणून ते सायकलवर बसलेसुद्धा.

थोडं पुढं गेलो असू. माझ्या शेजारून एक सायकल खडखडत पुढं गेली. गार्डसाहेब होते. इतक्या वर्षांत त्यांची पाठ मी कधी बघितली नव्हती.

हाक मारली तसे ते थांबले, रस्त्याच्या अगदी मधोमध. उतरून टायरवर अंगठा दाबला. चाकात हवेचा पत्ता नव्हता. "ठीक आहे," ते म्हणाले. मग धुक्यात इकडंतिकडं बघत त्यांनी मला विचारलं, "अळणावर किती राहिलं हो?"

अण्णानं भाजीच्या एका टेम्पोसमोर सायकल आडवी टाकून तो थांबवला.

दवाखान्यातली डॉक्टरीण तिच्या भाषेत मोबाइलशी बोलली. मोबाइलमधल्या बाईनं ते आम्हाला शुद्ध मराठीत ऐकवलं, "डोक्यात रक्त साचले आहे. आपण उशिरा आलात." किती थंड आवाज होता तो.

ऑपरेशनला आत नेताना त्यांनी डोळे उघडले. माझ्या तळहातावर अंगठा दाबून बघितला.

"तुम्ही पुढं व्हा," ते म्हणाले. "मी आहे मागं."

ऑपरेशनमध्येच ते गेले.

त्यांच्या मुलाचा बेंगळूरहून फोन आला, "काका, आईला फोनवर सांगू नका. पायाला लागलंय एवढंच सांगितलंय तिला. तुम्ही धारवाडला या, मीही पोचतो, मग सांगू." पेटी नंतरच्या विमानानं यायची होती, तिच्यासाठी अण्णा थांबला. मी पुढं आलो.

काय बोलायचं, कसं बोलायचं, ते मी गाडीत धारवाडच्या अलीकडच्या रायापूरपासून घोकत होतो. मुलगा अजून वाटेतच होता. गाडी थांबली. वहिनी फाटकात उभ्या होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी गाडीत बघितलं.

"आणि हे?"

घोकलेलं सगळं गेलं. तोंडातून सवयीचं तेच निघालं.

"मागं आहेत."

वहिनींनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. चहा ठेवायला त्या आत गेल्या नाहीत. फाटकाची कडी धरून तिथंच खाली बसल्या, माझ्या मागच्या रस्त्याकडं बघत.